अकरा वर्षांच्या मुलीने काय शिकायचं, ते तिने ठरवावं का?

प्रश्न : माझी नात अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. यंदा ती सहावीत, म्हणजे तिकडच्या मिडल स्कूलमध्ये जाणार आहे. शाळेने घरी एक कागद पाठवला. त्यात बँड, ऑर्केस्ट्रा, कोरस, चित्रकला, मातीकाम, नाटक, कोडिंग, रोबोटिक्स, स्वयंपाक आणि शिवण अशी यादी होती आणि मुलीने पसंतीक्रम लिहून द्यायचा होता. तिने पहिलं मातीकाम लिहिलं, दुसरं नाटक. मुलगा आणि सूनबाई दोघंही संगणकाच्या क्षेत्रात आहेत. त्यांचं म्हणणं, कोडिंग घे, पुढे उपयोगी पडेल. मला फोनवर विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. आमच्या वेळी आठवीत टेक्निकलला जायचं की नाही, हे वडील ठरवत. इतक्या लहान मुलांना शाळा हे का विचारते? त्यांना त्यातलं काय कळतं? एकदा घेतलेलं बदलता येतं का? आणि आपल्याकडे असं काही का नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. नातीला मातीकाम घेऊ द्या, आणि पुढच्या फोनवर गप्प न राहता तुमच्या मुलाला तसं सांगा.

तो कागद कसला आहे, हे समजलं की घरातली निम्मी काळजी कमी होईल. अमेरिकेत साधारणपणे सहावी, सातवी आणि आठवी मिळून मिडल स्कूल होतं. मुलं अकरा ते चौदा वर्षांची असतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, शारीरिक शिक्षण हे सगळ्यांना सक्तीचं. दिवसातल्या उरलेल्या एक-दोन तासिका ऐच्छिक वर्गांसाठी असतात. शाळा हा तिथे राज्यांचा आणि त्याहीपेक्षा स्थानिक शालेय मंडळांचा कारभार आहे, आणि अशी मंडळं देशभरात तेरा हजारांच्या घरात आहेत. त्यामुळे यादी गावागणिक बदलते. सधन उपनगरातल्या शाळेत विजेची भट्टी, थ्री-डी प्रिंटर आणि सुतारकामाची यंत्रं असतात. लहान गावातल्या शाळेत बँड आणि चित्रकला एवढ्यावर भागवतात. कित्येक शाळा सहावीच्या मुलांना निवडच करायला लावत नाहीत. वर्षाचे सहा ते नऊ आठवड्यांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक मुलाला चित्रकला, तंत्रज्ञान, स्वयंपाक-शिवण, संगीत अशा सगळ्या वर्गांतून फिरवून आणतात. या फेरीला तिथे ‘व्हील’ म्हणतात. खरी निवड मग सातवी-आठवीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नववीला हायस्कूल सुरू होतं आणि तिथल्या श्रेणी कॉलेजच्या अर्जाबरोबर जातात. मिडल स्कूलच्या मातीकामात किंवा नाटकात काय श्रेणी मिळाली, हे सहसा पुढे कोणी विचारत नाही. काही शालेय मंडळांत आठवीत घेतलेलं बीजगणित किंवा परभाषा हायस्कूलच्या खात्यात धरली जाते, तेवढा अपवाद सोडा. म्हणजे तुमच्या नातीच्या शालेय आयुष्यात ही तीनच वर्षं अशी आहेत की एखादी गोष्ट करून पाहिली, जमली नाही आणि सोडून दिली, तर तिचं काहीही बिघडत नाही. अशी वर्षं पुन्हा येत नाहीत. ती आई-वडिलांच्या दूरदृष्टीने भरून टाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

बदलता येतं का, याचं उत्तर यातच आलं. सत्र संपलं की बहुतेक वर्ग बदलता येतात. वाद्यांचं मात्र वेगळं आहे, आणि हे घरच्यांना आवर्जून सांगा. बँड आणि ऑर्केस्ट्रा वर्षभर चालतात आणि बहुतेक ठिकाणी पाचवी-सहावीत अगदी पहिल्या स्वरापासून सुरू होतात. आठवीत कुणाला क्लॅरिनेट शिकावंसं वाटलं, तर तोवर बाकीची मुलं दोन-तीन वर्षं पुढे गेलेली असतात आणि नवख्याला सामावून घेणं अवघड होतं. तेव्हा नातीला एखादं वाद्य खुणावतंय का, हे एकदा तिला नीट विचारा. वाद्य विकत घ्यायची गरज नसते. बँडच्या मुलांसाठी दुकानं ती महिन्याच्या भाड्याने देतात, आणि काही शाळांकडे स्वतःची वाद्यं असतात. तिने नाही म्हटलं तर विषय संपला.

आता शाळा हे का विचारते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आठ वर्षांची प्राथमिक शाळा आणि चार वर्षांचं हायस्कूल अशी रचना होती. बहुसंख्य मुलं हायस्कूलची पायरी न चढताच गिरणीत, शेतावर किंवा दुकानात कामाला लागत. १९०९ साली ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात मधल्या इयत्तांसाठी वेगळं ‘ज्युनियर हायस्कूल’ निघालं. अशा पहिल्यावहिल्या शाळांत त्याची गणना होते. १९१८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेने नेमलेल्या आयोगाने माध्यमिक शिक्षणाची तत्त्वं मांडली, आणि या मधल्या वर्षांचं काम स्पष्ट सांगितलं : मुलाला स्वतःचा कल शोधायला मदत करा, आणि त्यातून पुढच्या कामाची काही निवड झालीच, तर ती तात्पुरती समजा. पुढे १९६३ मध्ये विल्यम अलेक्झांडर या शिक्षणतज्ज्ञाने या शाळा हायस्कूलच्या छोट्या प्रती बनत चालल्याची टीका केली आणि मिडल स्कूलची मांडणी केली. रचना बदलली, पण चाचपून पाहण्याचा भाग टिकला.

त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली होती. तिथली मुलं सूत कातत, विणत, रांधत, सुतारकाम करत आणि त्या कामांतूनच इतिहास, गणित आणि रसायनशास्त्राकडे जात. ड्यूईंचं नाव इथे मुद्दाम घेतलं. त्यांच्याकडे परत यायचं आहे, कारण आपल्याकडे असं का नाही, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा धागा त्यांच्यापर्यंत जातो.

मुलांना त्यातलं काय कळतं, असं तुम्ही विचारता. खरं सांगायचं तर फार थोडं कळतं. तुमच्या नातीला मातीकाम आवडेल की नाही, हे आज तिलाही ठाऊक नाही. कधी तरी पाहिलेला एखादा सुंदर कप, एखादी मैत्रीण, मातीचा गार स्पर्श, एवढ्यावर तिने पहिला क्रमांक लिहिला असेल. असू दे. कळावं म्हणूनच तर तो वर्ग आहे.

त्या वर्गात काय होतं ते पाहा. पहिल्या दिवसांत माती मळायला शिकवतात, तिच्यातली हवा काढून ती एकजीव करायला. मग बोटांनी दाबत दाबत वाटी करायची. कपाला कान लावायचा असेल तर दोन्ही ठिकाणी ओरखडे काढायचे, मध्ये मातीचा पातळ लगदा लावायचा आणि जोडायचं. ओरखडे काढायचा कंटाळा केला की वाळताना कान निखळतो. भांड्याची भिंत फार जाड ठेवली किंवा ते पुरतं वाळलं नाही, तर आत अडकलेल्या पाण्याची भट्टीत वाफ होते आणि भांडं फुटतं, कधी शेजारच्या मुलाचंही घेऊन जातं. पहिली भाजणी हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. मग झिलई लावून दुसरी भाजणी. भट्टीत घालताना मळकट दिसणारा लेप बाहेर येताना निळा होऊन येतो, किंवा अपेक्षेहून वेगळाच काही रंग घेऊन येतो. या सगळ्यात बाईंनी लाल शाईची फुली मारायची वेळच येत नाही. कान का निखळला, हे मुलीला हातातल्या कपाकडे पाहून कळतं, आणि पुढच्या वेळी ती ओरखडे काढते. अकराव्या वर्षी स्वतःच्या चुकीकडे न घाबरता, कुतूहलाने पाहायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आपल्या मुलांच्या वाट्याला ती फार कमी येते.

तंत्रज्ञानाच्या वर्गातही हेच घडतं, सामग्री तेवढी वेगळी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक प्रकल्प आहे. मुलाला हलक्या लाकडाचा एक ठोकळा मिळतो. तो कापून, घासून त्याची मोटार करायची, चाकं बसवायची आणि मागे कार्बन डायऑक्साइड भरलेलं बोटभर लांबीचं नळकांडं खोचायचं. नळकांड्याला छिद्र पाडलं की वायू मागे सुटतो आणि मोटार ताणलेल्या दोरीच्या आधाराने सरळ धावत सुटते. जास्त लाकूड काढलं तर मोटार हलकी आणि वेगवान होते, पण आसापाशी मोडते. कमी काढलं तर टिकते, पण मागे पडते. बल, वस्तुमान, घर्षण हे शब्द पुस्तकात नंतर येतात. तोवर ते मुलाच्या हातून गेलेले असतात.

कोडिंगविषयी माझ्या मनात जराही आकस नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली, २००७ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुली केलेली ‘स्क्रॅच’ ही भाषा मुलांसाठी झालेल्या उत्तम कामांपैकी एक आहे, असं मी मानतो. रंगीत ठोकळे जोडून मूल स्वतःचा खेळ, स्वतःची गोष्ट तयार करतं, आणि पडद्यावरचं मांजर भिंतीतून आरपार का गेलं, हे शोधत बसतं. निखळलेल्या कानाचा धडा इथेही आहेच. कोडिंगच्या वर्गात जाणाऱ्या मुलीला मी कधी मातीकामाकडे वळवणार नाही.

तरी तुमच्या मुलाला आणि सूनबाईंना एक गोष्ट सांगून पाहा. तुमच्या घरात दोन संगणक-अभियंते आहेत. नातीला उद्या, परवा, कधीही कोडिंग शिकावंसं वाटलं तर जेवणाच्या टेबलावर तिला दोन शिक्षक मिळतील. विजेची भट्टी घरात नाही. झिलईचे डबे नाहीत, वीस मुलांची ओली भांडी मांडलेली फळी नाही, ‘याला अजून दोन दिवस वाळू दे’ म्हणणाऱ्या बाई नाहीत. घर जे देऊ शकत नाही ते शाळेकडून घ्यावं. उलट, कुंभारकाम करणाऱ्या घरातली मुलगी कोडिंग मागत असती आणि घरचे तिला मातीकडे ढकलत असते, तर मी तिच्याही बाजूने असाच उभा राहिलो असतो.

इथून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

आपल्याकडे हाताच्या कामाला शाळेत जागा नव्हती असं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समितीने त्यातून सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा केला आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफायचे ठरवलं. सेवाग्रामला ‘नई तालीम’ उभी राहिली. विचार ड्यूईंच्या शाळेच्या फार जवळचा होता. पण हस्तोद्योग कोणता, हे शाळा ठरवी आणि बहुतेक ठिकाणी ती सूतकताई असे. मुलाला निवड नव्हती.

निवड नसणं आपल्या समाजात वेगळंच काही तरी सांगतं. माती कुंभाराची, लाकूड सुताराचं, चामडं चर्मकाराचं, लोखंड लोहाराचं. इथे काम जन्माबरोबर येत होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि तिथे ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर जे आक्षेप घेतले, त्यांतला एक नेमका याच प्रश्नाला भिडतो : माणसाने कोणतं काम करायचं, हे त्याची कुवत आणि कल पाहून ठरत नाही, त्याच्या आई-वडिलांचं समाजातलं स्थान पाहून आधीच ठरलेलं असतं. शाळेत हस्तोद्योग आला म्हणजे ही गाठ आपोआप सुटते, असं नाही. ती घट्टही होऊ शकते. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने अशी योजना आणली होती : मुलांनी शाळेत दिवसातले मोजके तास यायचं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हायचं का, असा संताप तिथे उसळला आणि पुढच्याच वर्षी योजना गुंडाळावी लागली. लोक चिडले ते बरोबरच होतं.

अमेरिकेचा इतिहासही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. कितीतरी वर्षं मिडल स्कूलमध्ये मुलांनी सुतारकामाला आणि मुलींनी स्वयंपाक-शिवणाला जायचं, असा रिवाज होता. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणात लिंगभेदाला बंदी घातली, १९७५ मध्ये त्याचे नियम आले आणि मग मुली करवतीपाशी आणि मुलगे शेगडीपाशी दिसू लागले. गरीब, स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय मुलांना ‘तुम्हाला हेच बरं’ म्हणून हाताच्या कामांकडे वळवण्याचा प्रकारही तिथे मोठ्या प्रमाणावर झाला.

म्हणून मला तुमच्या नातीच्या हातातला तो पसंतीक्रमाचा कागद मोलाचा वाटतो. मूल कोणाचं, मुलगी आहे की मुलगा, गुण किती, यांतलं काहीही न विचारता तो फक्त विचारतो : तुला काय करून पाहायचंय? साताऱ्यातल्या एका घरातली मुलगी कुंभाराच्या चाकापाशी आनंदाने बसते आणि कुंभारवाड्यातला मुलगा रोबोटची वायर जोडतो, ही गोष्ट आपल्या इतिहासात साधी नाही. तिच्यासाठी शाळेहून योग्य जागा दुसरी कोणती?

आपल्याकडे ही जागा कागदावर आहे, आणि बरीच आहे. चित्रकला आणि कार्यानुभव आपल्या वेळापत्रकात कित्येक वर्षांपासून आहेत. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुलं असलेल्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत, असं स्वच्छ लिहिलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला सुतारकाम, वीजकाम, धातूकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांची प्रत्यक्ष ओळख व्हावी आणि या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांसोबत घालवता यावेत, असं म्हटलं. एनसीईआरटीच्या ‘कौशल बोध’ या नव्या पाठ्यपुस्तकात सजीवांसोबतचं काम, यंत्रं आणि साहित्य यांसोबतचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम, असे तीन प्रकार केले आहेत आणि मुलांनी तिन्हींतले प्रकल्प करायचे आहेत. ही मांडणी मला आवडली. तीत रोपवाटिका, सुतारकाम आणि रुग्णसेवा एका पंक्तीत बसतात. नीती आयोगाने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. अशा दहा हजारांहून अधिक प्रयोगशाळा देशभर झाल्या आहेत आणि प्रत्येकीसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान आहे.

मग अडतं कुठे? बऱ्याच शाळांमध्ये कार्यानुभवाचा तास गणिताचे सर मागून घेतात. कलाशिक्षक नेमलेला नसतो, आणि असला तर त्याच्या तासाला शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव चालतो. प्रयोगशाळेतला थ्री-डी प्रिंटर कापडाखाली झाकलेला असतो आणि स्पर्धेसाठी निवडलेली चार-पाच हुशार मुलं आली की उघडतो. शेवटची गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. करून पाहण्याची संधी आधीच गुण मिळवलेल्यांना द्यायची आणि बाकीच्यांनी खिडकीतून बघायचं, यात त्या प्रयोगशाळेचा हेतूच हरवतो. चित्रकलेतही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोरांच्या हातात कुंचला दिला, हे ऋण मोठं आहे. पण दहावीच्या वाढीव गुणांसाठीच चित्र काढायचं, असं झालं की परीक्षा संपल्यावर रंगपेटीही बंद होते.

तरीही हे नीट चालवून दाखवलेलं उदाहरण आपल्या घराजवळ आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं दुष्काळी गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीतले शास्त्रज्ञ. १९८३ मध्ये ते तिथे गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला. लोक त्याला ‘आयबीटी’ म्हणून ओळखतात. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात, आणि काम चार विभागांतून फिरतं : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. एकच मुलगी वेल्डिंग करते, वायरिंग करते, शेतातल्या मातीची तपासणी करते, कोंबड्या सांभाळते आणि रक्तगट तपासायलाही शिकते. ‘मुलींचं काम’ आणि ‘मुलांचं काम’ असे दोन रकानेच तिथे नाहीत. आणि शिकवायला गावातलाच वेल्डर, गावातलाच वायरमन येतो. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने ‘फॅब लॅब’, म्हणजे हव्या त्या वस्तू स्वतः बनवून पाहण्याच्या कार्यशाळा, जगभर पसरल्या, त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळलाच उभी राहिली. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे. न्यू जर्सीतल्या ‘व्हील’ची बातमी साताऱ्यात नवलाची वाटते, पण त्याहून जास्त विचार करून केलेली रचना पाबळला कधीचीच सुरू आहे, आणि आमच्यातल्या फार थोड्यांनी ती जाऊन पाहिली आहे. तुमच्या घरापासून ती एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. जरूर पाहा.

अमेरिकेविषयी आणखी एक सांगायला हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल. जानेवारी २००२ मध्ये तिथे ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा झाला आणि तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन-गणिताची चाचणी दरवर्षी सक्तीची झाली. निकालावर शाळेची इभ्रत ठरू लागली. त्यानंतर पुष्कळ शाळांनी कलेचे तास कापून गणित दुप्पट केलं, आणि हे तास सर्वांत आधी कोणाचे गेले? चाचणीत मागे पडलेल्यांचे, नुकतं इंग्रजी शिकू लागलेल्यांचे. ज्या मुलाला दिवसभरात एकाच तासाला आपल्याला काही येतं असं वाटत होतं, त्याचा नेमका तोच तास काढून घेतला गेला. आपल्याकडे ‘ढ’ मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवतात, त्याच जातीचं हे वागणं आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२२ च्या नोव्हेंबरात कला आणि संगीतासाठी राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी वेगळा निधी राखून ठेवण्याचा ठराव मंजूर केला. तास कापले गेले होते, म्हणूनच ही वेळ आली.

आता तुमच्या नातीविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी. तिला ‘मातीकामात पुढे काय करणार?’ असं कोणी विचारू नका, तुम्ही तर नाहीच. त्या प्रश्नाने सहा आठवड्यांचा वर्गही नोकरीची तयारी होऊन बसतो. त्याऐवजी काय केलं, काय फुटलं, कसं फुटलं, हे विचारा आणि भांडं फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. साताऱ्यात कुंभार अजून आवा कसा रचतात, हे तुम्ही तिला दाखवलंत तर तिच्या बाईंकडेही नसलेलं काही तिला मिळेल. आणि दोन महिन्यांनी ती म्हणाली, ‘आजोबा, मला आता माती नको, नाटक हवं,’ तर तिला धरसोडीची म्हणू नका. एक सत्र पूर्ण करायचं, मधेच सोडायचं नाही, एवढी अट मला योग्य वाटते, कारण पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक काम अवघडच असतं. सत्र पूर्ण केल्यावर मात्र ‘हे मला आवडत नाही’ हे तिने स्वतः मिळवलेलं ज्ञान आहे. त्याचा मान राखा.

इथल्या वाचकांना एक विनंती. अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमचं मूल, नातवंड सहावी ते आठवीत असेल, तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा : गेल्या महिन्यात कार्यानुभवाचे आणि चित्रकलेचे किती तास प्रत्यक्ष झाले, शाळेला अंशकालीन निदेशक आहेत का, आणि प्रयोगशाळेतलं सामान गेल्या महिन्यात किती मुलांच्या हाती गेलं. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. गावातला सुतार, शिंपी, वायरमन, बुरूड यांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवायला तयार आहात का, हेही मुख्याध्यापकांना विचारा आणि त्यांच्या मानधनाची तजवीज समितीने करावी.